गंधकाची धुरी न दिलेला तासगावचा बेदाणा

माझ्या सासूबाईंना दमा आहे. चमकदार पिवळा बेदाणा खाल्ला की त्यांची छाती भरून येते, हे आमच्या ध्यानात यायला दोन दिवाळ्या जाव्या लागल्या. ज्या दुकानातून तो आणत होतो, तिथल्या पाकिटावर सल्फाइटचा, म्हणजे गंधकाच्या धुरीतून बेदाण्यात उतरणाऱ्या संयुगांचा, उल्लेखच नसे. वास्तविक पॅकबंद पदार्थात किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट असल्यास तसे वेष्टनावर छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. म्हणून यंदा तासगावच्या एका बागायतदाराकडून धुरी न दिलेला दोन किलो बेदाणा मागवला.

रंग पाहून प्रथम निराशा होते. हा बेदाणा गडद तपकिरी आहे, कारण द्राक्ष सुकताना त्यातील विकरांमुळे (एन्झाइममुळे) ते काळवंडते. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षे रॅकवर वाळवून शेवटी गंधक जाळून धुरी दिली, तर तयार होणारा सल्फर डायऑक्साइड ही विकरे निष्प्रभ करतो, बुरशी रोखतो आणि बाजारात भाव मिळवून देणारा पिवळा रंग टिकवतो. हाच वायू साखर कारखान्यांत उसाचा रस निवळून पांढरा करण्यासाठी वापरतात, म्हणूनच ‘सल्फरलेस’ साखर वेगळी विकली जाते. शेतकऱ्याला दोष द्यावा असे यात काही नाही. चकाकणारा माल आपणच मागतो.

चवीत मात्र हा बेदाणा पुष्कळ सरस आहे. पिवळ्या बेदाण्याच्या शेवटी जिभेवर रेंगाळणारी उग्र, आंबूस झाक इथे नाही. काकवीची आठवण देणारा गोडवा आहे आणि गर दाट आहे. शिऱ्यात तो उठून दिसत नाही, परंतु भिजवून नुसता खाण्यास उत्तम.

दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत. मुठीमागे चार-पाच देठ निघाले, आणि रक्षण करणारा गंधक नसल्याने पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या वाटीभर बेदाण्याला बुरशी आली. उरलेला घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवला, तो तीन महिने चांगला राहिला. सासूबाई तो रोज मूठभर खातात आणि अद्याप त्रास झालेला नाही. एका घरचा हा अनुभव वैद्यकीय पुरावा ठरत नाही. दमेकऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे. पुढच्या हंगामासाठी पाच किलोची मागणी नोंदवली आहे, देठ काढून देण्याच्या विनंतीसह.