अर्धपुतळ्यांसाठी थ्रीडी प्रिंटर : 8 महिने वापरल्यानंतर

डिसेंबरात प्रिंटर घेतला. फिलामेंटचा, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवणारा; 220 मिमी बेडचा, म्हणजे वस्तू जिच्यावर उभी राहते ती पाटी तेवढी. द्रव रेझिनचा घेतला नाही, कारण तो वास आणि धुण्याची कटकट आमच्या कोल्हापुरातल्या चिंचोळ्या वर्कशॉपला झेपली नसती. काम माझं अर्धपुतळ्यांचं.

मॉडेल मोठं करण्यातली हमाली मात्र खरंच संपली. वीतभर मॉडेल मातीत करायचं, भोवती फिरून मोबाइलवर शंभरेक फोटो काढायचे, संगणकावर आकार जुळवून हवा तेवढा वाढवायचा. पूर्वी कंपासने मापं घेत मोठं करायला आठवडा जायचा. ब्राँझ थंड होताना दोनेक टक्के आटतं, तेही आधीच वाढवून धरता येतं. 182 मीटरचा स्टॅच्यू ऑफ युनिटीसुद्धा राम सुतारांचा लहान पुतळा स्कॅन करूनच वाढवला होता.

बेड लहान, म्हणून एक डोकं सहा तुकड्यांत निघतं. एकेका तुकड्याला पंधरा तास. मध्ये लाइट गेली तर प्रिंटर पुन्हा तिथूनच सुरू होतो, पण गळ्यावर रेघ ठेवून. मे महिन्यात टेम्पोत ताडपत्रीखाली ठेवलेला एक कान उन्हाने चक्क लोंबला.

मार्चमध्ये एका दिवंगत शिक्षकांचा पुतळा मातीला हात न लावता थेट संगणकावर, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केला. सिमेट्री चालू ठेवलेली, डाव्या गालावर केलेलं उजवीकडे आपोआप. प्रिंट, पुटी, पॉलिश पेपर, सगळं यथास्थित. त्यांच्या पत्नी आल्या, पदराने चष्मा पुसून बराच वेळ बघत बसल्या.

"छान झालंय हो. पण हे ह्यांचे धाकटे भाऊ वाटतात."

मग म्हणाल्या, "हसताना ह्यांचा डावा ओठ आधी उचलायचा."

त्याच प्रिंटवर माती चढवली. आधी शाडू, तर सकाळी तडे. माती सुकून आकसते, आतलं प्लास्टिक जागचं हलत नाही. मग तेलातली प्लॅस्टिसिन घेतली आणि दोन दिवस नुसत्या अंगठ्याने डावी भुवई, ओठाचा कोपरा. बाई परत आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, पुतळ्याच्या कॉलरवरची माती बोटाने झटकत राहिल्या.

तेव्हापासून चेहऱ्याचा प्रिंट चारेक मिलिमीटर बारीकच काढतो, वर मातीला जागा म्हणून. कपडे, बटणं, पेन मात्र मशीननेच.

घेणार असाल तर फिलामेंट सुकवायचा डबाही लगेच घ्या. जुलैत दमट फिलामेंटचे धागे सुटून एका सफाचट चेहऱ्याला मिशा फुटल्या होत्या.