डेव्हडॉक्स: सात महिने वापरल्यावर

कर्जत सुटलं की लोणावळ्यापर्यंत नेटचा भरवसा नाही. आठवड्यातून दोनदा मी या गाडीत असतो आणि काम नेमकं घाटात अडतं. म्हणून डेव्हडॉक्स धरलं: प्रोग्रॅमिंग भाषांची माहितीपानं एकत्र देणारं संकेतस्थळ. फुकट आहे, ब्राउझरात चालतं, हल्ली कोडिंग फुकट शिकवणारे फ्रीकोडकॅम्पवाले सांभाळतात. हव्या त्या भाषांचं डॉक्युमेंटेशन आधीच उतरवून ठेवायचं.

सुरुवातीला शोधात ‘मॅप’ (बऱ्याच भाषांत आढळणारं नाव) टाकून जावास्क्रिप्टपासून रस्टपर्यंतचे सगळे मॅप चाळत बसायचो. भाषेचं नाव टाइप करून टॅब दाबला की शोध तेवढ्याच भाषेत होतो, हे महिनाभराने कळलं. तिथून पुढे खरी मजा.

एकदा माझी पायथनची स्क्रिप्ट फाइलमधली पहिली दोनच नावं बदलत होती, बाकीची जशीच्या तशी. लहान-मोठी अक्षरं दोन्ही चालावीत म्हणून मी ‘री.सब’ला (मजकुरात शोधून बदल करणारं फंक्शन) चौथ्या जागी ‘इग्नोरकेस’ दिलं होतं. बोगद्यात बसून पान उघडलं. चौथी जागा ‘काउंट’ची (किती बदल करायचे), ‘फ्लॅग्ज’ (‘इग्नोरकेस’सारखे पर्याय) पाचवे! ‘इग्नोरकेस’चा आकडा काढून पाहिला, तर 2. म्हणजे दोनच बदल कर, असं मीच सांगत होतो, आणि पायथन बिचारा ऐकत होता. पायथनच्या 3.13 आवृत्तीपासून हे दोन्ही नाव न घालता देणं डेप्रिकेटेड (वापरू नये असं ठरवलेलं) आहे, हेही तिथेच लिहिलंय. आमच्या ऑफिसात अजून 3.8 चालतं, त्यामुळे इशारा कुठून मिळणार? आता दोन्ही आवृत्त्यांची पानं चालू ठेवलीत; कुठली उघडी आहे ते बघायची सवय मात्र लावावी लागते.

मर्यादा मोठी आहे: शोध फक्त नावांवर चालतो, पानातल्या मजकुरावर नाही. दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी फाइलीत लिहू नये म्हणून काय करायचं, हे इथे विचारून उपयोग नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या दादाने ‘फ्लॉक’ (फाइलीला कुलूप लावणारं फंक्शन) म्हटलं, मग दोन सेकंदांत पान समोर. नाव माहीत नसेल तर दादाच बरा.

आणखी एक. उतरवलेलं सगळं ब्राउझरच्या साठ्यात राहतं. मी एकदा साफसफाईच्या उत्साहात साइट डेटा पुसला आणि पळसदरीला कोरं पान बघत बसलो. आता निघायच्या आधी घरीच वायफाय बंद करून एखादं पान उघडून बघतो.