कार्पेट मशीनचा गरम पाण्याचा हाय प्रेशर होज, बेळगावच्या उद्यमबागेत टोकांना फिटिंग प्रेस करून घेतलेला: ४ स्टार

एक स्टार कपलरपायी (होज जोडायचा-काढायचा तुकडा) कापलाय, ते पुढं सांगतो. बाकी होज एकदम मस्त. ज्यांच्याकडं हीटरवालं मशीन आहे त्यांनी तरी हे पूर्ण वाचा, कारण बेळगावात सोफा-कार्पेट क्लीनिंगवाले आता गल्लोगल्ली झालेत पण होज कुठला वापरता विचारलं की निम्मे जण "काळा, जाडवाला" एवढंच सांगतात.

आमचं मशीन पोर्टेबल, पंप ५०० पीएसआयचा म्हणजे साधारण ३४ बार, आणि आत इनलाइन हीटर, त्यामुळं वँडपर्यंत (हातात धरून फवारायची नळी) पाणी ८०-८५ डिग्रीनं पोचतं. कारचरच्या पुझ्झीसारखं छोटं मशीन असेल तर यातलं फारसं तुम्हाला लागू नाही, त्यात फवाऱ्याचा दाब जेमतेम १ बार, होज सुटला तर पॅन्ट भिजेल, बास. पण ८० डिग्रीचं पाणी वेगळं. ६० डिग्रीच्या पाण्यानं पाचेक सेकंदात कातडी खोलवर भाजते, ८० ला हात मागं घ्यायलाही वेळ मिळत नाही, आणि आपण हा होज लोकांच्या हॉलमधून ओढत नेतो जिथं पोरं खेळत असतात, आजी खुर्चीत बसलेली असते.

मशीन सेकंडहँड घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं (नाव घेत नाही, इथला नाही) सोबत साधा हायड्रॉलिक होज दिलेला, जेसीबी-ट्रॅक्टरला असतो तसला, पाव इंची, सिंगल तारेचा. वर ईएन ८५३ १एसएन (हायड्रॉलिक होजचं युरोपियन मानक) आणि वर्किंग प्रेशर २२५ बार छापलेलं. फोन करून विचारलं तर म्हणाला, अहो २२५ चा होज आहे आणि तुमचं मशीन ३४ चं, सहापट ताकद आहे की, काय टेन्शन घेताय. हिशोब बरोबर आहे ओ, पण तो हिशोब तेलाचा आहे! १एसएन मधलं आतलं रबर साधारण नायट्राइलचं, तेलासाठी बनवलेलं, तेलाला १०० डिग्रीपर्यंत चालतं, आणि बऱ्याच कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये खाली बारीक अक्षरात पाण्यासाठी कमाल ७० डिग्री लिहिलेलं असतं. ती ओळ कुणी वाचत नाही. वरून गरम पाण्यात आपण डिटर्जंट घालतो तो निराळाच.

तर होतं काय, आतलं रबर कडक पडतं, त्याला केसासारख्या भेगा जातात, भेगांतून पाणी तारेच्या जाळीपर्यंत पोचतं आणि तार आतल्या आत गंजते. बाहेरून होज नवाकोरा. आमच्या त्या होजला फेरूलपासून (टोकावर दाबून बसवलेली धातूची टोपी) चार बोटांवर चिंचोक्याएवढा फुगा आलेला, मशीन चालू केलं की वर यायचा आणि बंद केलं की बसायचा, बोटानं दाबला तर मऊ. तिथंच काढून टाकला. घरी आणून उभा चिरला तर आतलं रबर नखानं सुटत होतं आणि तारेला तांबडा गंज. म्हणजे ते २२५ बार होज नवा असतानाचे आणि आत तेल असतानाचे, आपल्या कामाला त्या आकड्याचा काय उपयोग सांगा.

उद्यमबागेत हायड्रॉलिक होज प्रेस करणारी दुकानं आहेतच, फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांचं गिऱ्हाईक त्यांचं. मी गेलो तिथल्या अण्णांनी आधी "किती डिग्री?" विचारलं, प्रेशर नंतर. तिथंच माणूस आवडला मला. हातात घेतलेला साधा होज "इद बिसी नीरिगे आगंगिल्ला री" (हा गरम पाण्याला चालत नाही) म्हणत परत रॅकवर ठेवला आणि गरम पाण्याच्या प्रेशर वॉशरचा काढला, वर २१० बार आणि १५५ डिग्री दोन्ही छापलेलं, आणि तापमान पाण्याचंच आहे हे डेटाशीट उघडून दाखवलं. राखाडी कव्हर, डाग न पडणारं. हे महत्त्वाचं आहे कारण काळा होज ऑफव्हाइट कार्पेटवरून ओढला की रेघा उठतात आणि मग त्या पुसत बसा. छपाईत ३क्यू२४ पण होतं, म्हणजे २०२४ च्या तिसऱ्या तिमाहीतला माल. घेताना ते जरूर बघा, दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला होज कशाला घ्यायचा.

खरी मजा प्रेसिंगची. टोकं बरोबर काटकोनात कापली, आत हवा मारून रबराचा चुरा काढला (हा चुरा राहिला तर जेट, म्हणजे फवाऱ्याचं बारीक भोक, चोक होणार म्हणजे होणार), निपल (होजच्या आत जाणारा धातूचा तुकडा) पूर्ण बसलाय का बघितलं, फेरूल डायमध्ये दाबला आणि नंतर व्हर्नियर लावून चार्टशी माप जुळवलं. मधेच करंट गेली तर हेस्कॉमच्या नावानं एक शिवी हासडून चहा मागवला, अर्धवट दाबलेला फेरूल मात्र नंतर कापून टाकला आणि नवीन घेतला. मला हे लय आवडलं. मग हातपंपानं थंड पाणी भरून ७० बारला, म्हणजे आमच्या मशीनच्या दुप्पट, तसाच धरून ठेवला, तेही होज लोखंडी पाइपात घालून. फेरूलच्या मागं मार्करनं एक रेघ मारून दिली, ती रेघ सरकलेली दिसली तर होज निपलवरून सुटायला लागलाय असं समजायचं. काही जण अजून पट्टीची क्लिप आवळून काम भागवतात, गार पाण्याच्या नळाला ठीक आहे, इथं नको.

वँडच्या बाजूला एक मीटरभर नायलॉनची स्लीव्ह आणि मुळाशी स्प्रिंग गार्ड मी आग्रहानं घालून घेतला, जास्तीचे पैसे पडले तरी. होज तिथंच सारखा वाकतो आणि तिथंच आपलं पोट-मांडी असते. फुटलाच तर पाणी अंगावर न येता स्लीव्हमधून खाली गळतं.

वापरून बरेच महिने झाले, डिसेंबरात सुवर्णसौधला विधानसभेचं अधिवेशन असताना हॉटेलांची कामं एकामागून एक केली, कुठं फुगा नाही, कडकपणा नाही. शहाबादी फरशीच्या पायऱ्यांची धार मात्र कव्हर घासते, तिथं मी जुना टॉवेल टाकतो. थंडीत सकाळी थोडा ताठ असतो, गुंडाळायला त्रास, पण दहा सेंटीमीटरच्या आत वळवायचा नाही म्हणून तसंही मोठंच वेटोळं घालतो. पोरं होज खांद्यावर टाकून काम करतात ते मी बंद केलंय.

आता कपलर. सोबत मिळालेला ब्रासचा क्विक कपलर दिसायला भारी, पण आतली ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) नायट्राइलची निघाली आणि लवकरच ठिबकायला लागली. होजला एवढी काळजी आणि ओ-रिंगला नाही, म्हणून स्टार कापला. ईपीडीएमची (गरम पाण्याला टिकणाऱ्या रबराची) ओ-रिंग टाकली, बंद झालं. तिला साधं ग्रीस लावू नका, पेट्रोलियमच्या ग्रीसनं ईपीडीएम फुगतं, सिलिकॉन ग्रीसच लावायचं. संत्र्याच्या वासाचं सॉल्व्हंट वापरत असाल तर काम संपल्यावर साधं पाणी फिरवा, तेही तिला झेपत नाही. आणि मशीन बंद केलं म्हणून प्रेशर गेलं असं नसतं, लाइनमध्ये अडकून राहतं, वँडचा ट्रिगर दाबून पूर्ण उतरवल्याशिवाय कपलर ओढायचा नाही. ग्लोव्हज घालून, ब्रास चांगलाच तापलेला असतो.

गळती कुठं आहे ते बोटानं चाचपडू नका. सुईएवढ्या भोकातून येणारी धार कातडीत घुसते, वरून जखम मुंगी चावल्याएवढी दिसते पण आत डिटर्जंटचं पाणी गेलेलं असतं, दुखायला लागायची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि प्रेशरची धार लागलीय असं स्पष्ट सांगायचं. शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. नुसतं भाजलं तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट-हळद काही नाही.

रेट साध्या हायड्रॉलिक होजच्या जवळपास दीडपट पडला, पक्कं बिल मिळालं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणार असाल तर जुना निपल खिशात टाकून आणा. बाहेरच्या मशीनला बऱ्याचदा पाव इंची एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात आणि इथं सगळीकडं बीएसपी (ब्रिटिश माप) चालतं, एकाला इंचात १८ आटे आणि दुसऱ्याला १९, दोन फेरे आरामात बसतात, मग अडकतं, आणि जोर लावून टेफ्लॉन गुंडाळून बसवलं तरी गरम झाल्यावर गळणारच. अण्णांकडं दोन्हीचे निपल होते, पण नुसतं फोनवर सांगून कळत नाही त्यांना कुठला पाहिजे ते.