इंदूरच्या जुन्या बंगल्यात जपानी सरकती दारं: सोळा महिन्यांचा अनुभव

आजोबांनी 1963 साली दक्षिण तुकोगंजात बांधलेलं घर पाडायचं नाही, हे आमचं आधीपासून पक्कं होतं. बैठं घर, भरपूर पुढे आलेला छज्जा, आडव्या लांब खिडक्या, सिमेंटची जाळी आणि पायाला गार लागणारी मोझॅकची फरशी. आमच्या आर्किटेक्ट बाईंनी पाँडिचेरीच्या गोलकोंड इमारतीचे फोटो दाखवले. ती आर्किटेक्ट अँटोनिन रेमंड यांची, आणि त्यांनी आधी जपानमध्ये बरीच वर्षं काम केलेलं. तिथल्या खोल्यांची सागवानी पट्ट्यांची सरकती दारं पाहिली आणि मी म्हटलं, आपल्याला हेच हवंय. गेल्या मार्चमध्ये राहायला आलो. दोन उन्हाळे झाले, आता दुसरा पावसाळा चालू आहे.

सर्वात आधी दारांबद्दल, कारण पैसा आणि जीव दोन्ही तिथेच गेले. शोजी म्हणजे लाकडी चौकटीच्या बारीक जाळीवर एका बाजूने कागद चिकटवलेलं सरकतं दार. आमच्याकडे सहा पल्ले आहेत. सुतार ॲल्युमिनियमच्या ट्रॅकवर अडून बसला होता. त्याला जपानी पद्धत समजावून दिली: वरची खाच दीड सेंटिमीटर खोल, खालची जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. पल्ला उचलून आधी वरच्या खाचेत घालायचा, मग अलगद खालच्या खाचेत सोडायचा. बिजागरी लागत नाही, स्क्रू लागत नाही. पहिला पल्ला बसला तेव्हा तो स्वतःच चार वेळा काढून-घालून बघत होता. आजही लग्नकार्याला माणसं जमली की सगळे पल्ले काढून भिंतीला टेकवतो आणि दोन खोल्यांची एक बैठक होते.

पण जुलैत चार पल्ले अडकले. लाकूड फुगलं होतं. घाईने रंधा मारून घेतला, तर जानेवारीत तेच पल्ले वाऱ्याने खडखड वाजायला लागले. उरलेले दोन मात्र दोन्ही ऋतूंत बोटाने सरकत होते. ते आजोबांच्या काढून टाकलेल्या खिडक्यांच्या सागवानाचे होते, साठ वर्षं वाळलेल्या लाकडाचे. चार नव्या पाइनचे. घराचं काम काढताना जुन्या चौकटी भंगारात देऊ नका, हे मी भेटेल त्याला सांगतो.

कागद. जपानी वाशी कागद तांदळाच्या खळीने लावला. आईने स्वतः पातेल्यात खळ शिजवली. पश्चिमेच्या खोलीत मे महिन्यात चारनंतर डोळे दिपायचे, तिथे आता दुधासारखा उजेड पसरतो आणि बाहेरच्या कडुनिंबाची सावली कागदावर हलत राहते. त्या खोलीवर माझा फार जीव आहे. उकाडा मात्र कागदाने कमी होत नाही. बाहेरून वाळ्याचे पडदे लावावेच लागतात. ऑक्टोबरमध्ये कडांना कसर लागलेली दिसली, तिला खळ आवडते. एका जुन्या बुक-बाइंडरने खळीत चिमूटभर मोरचूद घालायला सांगितलं. मोरचूद विषारी असतं, म्हणून ती खळ वेगळ्या डब्यात केली, स्वयंपाकघराबाहेर. दिवाळीच्या आधी सगळा कागद बदलला. जपानमध्येही वर्षअखेरीच्या साफसफाईत तो बदलायची रीत आहे. तेव्हापासून कसर नाही.

तातामी घेऊ नका. निदान आमच्यासारख्या बंद खोलीत नको. चार चटया मागवल्या होत्या, प्रत्येकी साधारण 90 बाय 180 सेंटिमीटर, आत भाताचा पेंढा, वर इगुसा गवत. पहिले चार महिने खोलीला कापलेल्या गवताचा वास यायचा. ऑगस्टमध्ये चटई उचलली तर खाली हिरवट बुरशी. उन्हात टाकायला ऊनच नव्हतं. आता तिथे मोझॅक आणि त्यावर सतरंजी.

बुटक्या फर्निचरचंही आधी घरातल्यांना विचारायला हवं होतं. फूटभर उंचीच्या बैठकीवरून आईला उठता येईना. ती 76 वर्षांची आहे. तिने तक्रार केली नाही, नुसतं तिथे बसणं सोडलं. माझ्या लक्षात यायला महिना गेला, याचं मला फार वाईट वाटतं. आता सगळ्याला पाय लावून बैठक सतरा-अठरा इंचांवर आणलीय.

लाकडी टबाचा, म्हणजे ओफुरोचा विचार आर्किटेक्ट बाईंनीच रद्द केला. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, तिथे टब कसला भरणार!

गेनकान, म्हणजे दाराशी चपला काढायची खालच्या पातळीवरची जागा, मात्र हवंच. आमचा पोर्च घरापेक्षा एक पायरी खाली होताच. तिथे चपलांचं कपाट, बसायला बाक आणि धरायला दांडी एवढंच केलं. माळव्याची काळी माती पावसात चपलेला चिकटून येते, ती आता त्या पायरीखालीच राहते.

जुन्या घरांचं लाकूड विकणाऱ्याकडे चार पल्ल्यांपुरतं सागवान सांगून ठेवलंय. ते यंदाच्या थंडीत कापून घेऊ, पण खाचेत बसवायचं माप पुढच्या जुलैत घेऊ, लाकूड फुगलेलं असताना.