एटीव्ही मागून बसली: स्प्रिंग बदलायची की अख्खा शॉकअप?

महू-सिमरोलकडे शेती असलेल्या इंदूरकरांना एटीव्ही (कच्च्या वाटेवर, शेतात चालणारी छोटी चारचाकी) मागून बसली, म्हणजे तिची मागची बाजू खाली आली, की पहिला सल्ला मिळतो, "दोन्ही शॉकअप बदला." माझं मत स्पष्ट आहे: माप घेतल्याशिवाय रुपयाही खर्चू नका. गाडीची उंची पेलते ती शॉकअपभोवतीची स्प्रिंग. शॉकअपच्या आतलं तेल फक्त हेलकावे आवरतं.

आधी टायरची हवा सारखी करा. या टायरांत हवा बहुधा 3 ते 7 पीएसआयच असते, त्यामुळे एकीकडे थोडी कमी झाली तरी गाडी कलते आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगवर येतो. मग जॅकवर मागची चाकं अधांतरी ठेवून हबपासून (चाकाच्या मध्यापासून) फ्रेमवरच्या खुणेपर्यंत मोजा. गाडी खाली उतरवून, नेहमीचा चालक बसवून पुन्हा मोजा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका हवा. अर्ध्यापर्यंत गेला, तर स्प्रिंग थकली आहे किंवा ओझं जास्त आहे. फवारणीची टाकी 100 लिटरची असेल, तर नुसतं पाणीच 100 किलो!

प्रीलोड वाढवणं, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाची आट्यांची कडी (कॉलर) फिरवून स्प्रिंग आधीच जास्त दाबून ठेवणं, फुकटात होतं. पण माळव्याची काळी माती कॉलरच्या आट्यांत सुकून दगड होते. तारेच्या ब्रशने ती काढल्याशिवाय पाना लावलात तर आटेच सोलून निघतील. प्रीलोडने उंची वाढते, स्प्रिंगचा कडकपणा नाही. कॉलर शेवटपर्यंत चढवूनही गाडी बसत असेल, तर स्प्रिंगची जोडी नवी घ्या. रोज टाकी वाहायची असेल तर थोडी कडक, नाहीतर मूळ मापाचीच. रिकाम्या गाडीला कडक स्प्रिंग हाडं खिळखिळी करते.

शॉकअपवर खर्च कधी? शॉकअपच्या आत-बाहेर होणाऱ्या दांड्यावरून फडकं फिरवल्यावर तेलाचा पट्टा आला, किंवा मागून दाबून सोडल्यावर गाडी झुलतच राहिली, तेव्हा. उघडता येणारा शॉकअप असेल आणि दांडा गुळगुळीत असेल तर सील-तेल बदलणं परवडतं. गॅसचा असेल तर नायट्रोजन भरून देणारा कारागीर हवा. दांड्याला गंजाचे खड्डे पडले असतील किंवा शॉकअप सीलबंद असेल तर नवाच घ्या.

एकच बाजू बसत असेल तर प्रीलोड सारखा ठेवून दोन्ही स्प्रिंगा आपसांत बदला. झुकाव दुसरीकडे गेला तर स्प्रिंग दोषी. जागचा हलला नाही तर सांध्यातली बुश झिजली का आणि चाक धरणारा आर्म वाकला का ते तपासा. स्प्रिंग काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) वापराच; दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकतो.