देशी सीडबॉलचा संच: माती उत्तम, बियांची माहिती अपुरी

पावसाळा जवळ आला की पुण्यातल्या बागकामाच्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन दुकानांत सीडबॉल, म्हणजे आत बी घालून वळलेले मातीचे गोळे, विक्रीला येतात. ‘देशी वृक्षांचे सीडबॉल’ असे छापलेला असाच एक संच मी मे महिन्याच्या अखेरीस विकत घेतला. पुठ्ठ्याच्या खोक्यात तयार गोळे आहेत, आणि सोबत घरी गोळे वळण्यासाठी चाळलेली माती, गांडूळखत व बियांच्या पुड्या दिल्या आहेत. पुरंदर तालुक्यात एका परिचितांची पडीक, मुरमाड उताराची जमीन आहे. त्यांच्या परवानगीने तिथे हे गोळे वापरून पाहिल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे जे दोष नोंदवले आहेत ते बाजारातल्या इतर अनेक संचांतही मला दिसले आहेत.

आधी जे चांगले आहे ते सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. गोळ्यांसाठी काळी माती न वापरता तांबूस चिकणमाती वापरली आहे. काळी माती ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि तिच्या गोळ्याला भेगा पडतात. मग त्या भेगांतून मुंग्या थेट बियांपर्यंत पोहोचतात. या संचातले गोळे छातीच्या उंचीवरून मुरमावर टाकले तरी फुटले नाहीत, आणि ताटलीत ठेवून त्यांच्यावर झारीने थोडेथोडे पाणी शिंपडत राहिल्यावर ते हळूहळू उलगडले. वाहतुकीत टिकणारा आणि तरीही पावसात विरघळणारा गोळा करणे वाटते तेवढे सोपे नसते, त्यामुळे उत्पादकाच्या हाताला मातीची जाण आहे हे मान्य करावे लागेल. खोक्याला हवा खेळण्यासाठी भोके ठेवली आहेत, हेही योग्यच आहे. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेल्या गोळ्यांत थोडी जरी ओल राहिली, तरी बुरशी धरते किंवा बी पिशवीतच रुजून मरते.

अडचण बियांपासून सुरू होते. खोक्यावर खैर, बाभूळ, बहावा, करंज, चिंच, कडुनिंब, जांभूळ आणि सीताफळ अशी नावे छापली आहेत, मात्र कोणते बी कोठून आणि कोणत्या महिन्यात गोळा केले याचा उल्लेख कुठेही नाही. या आठही बियांचा स्वभाव एकमेकांपासून इतका वेगळा आहे की त्यांना एकाच पद्धतीने मातीत गुंडाळून सुकवणे हाच मुळात चुकीचा निर्णय आहे. जांभळाच्या बीला सुकणे सोसत नाही. ते ताजे, ओले असतानाच पेरावे लागते आणि वाळवले की त्याची उगवणक्षमता संपते. आपल्याकडे जांभळे पिकतात ती साधारण जूनमध्ये, त्यामुळे मे महिन्यात विकल्या जाणाऱ्या कोरड्या गोळ्यात जांभळाचे जिवंत बी असणे जवळजवळ अशक्य आहे. कडुनिंबाचेही तेच आहे. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी पिकून पडतात आणि साध्या साठवणुकीत त्यांची उगवणक्षमता काही आठवड्यांतच झपाट्याने घसरते, म्हणजे या गोळ्यांतली निंबोळी मागच्या वर्षीची असणार. खात्रीसाठी काही गोळे फोडून निंबोळ्या चिरून पाहिल्या. जिवंत निंबोळीचा गर आतून हिरवा दिसतो, परंतु या सगळ्या तपकिरी पडल्या होत्या. ज्याला हे ठाऊक नाही तो ग्राहक पावसाळाभर वाट पाहील आणि शेवटी दोष पावसाला देईल. मला या संचातली सर्वांत गंभीर बाब हीच वाटते.

बहाव्याची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचे बी मरत नाही, पण कठीण कवचामुळे लवकर रुजतही नाही. गोळ्यांतून काढलेले बहाव्याचे बी रात्रभर पाण्यात ठेवले, तरी सकाळी जसेच्या तसे कडक आणि चकचकीत होते, म्हणजे त्यावर कोणतीही बीजप्रक्रिया केलेली नव्हती. रोपवाटिकेत असे बी गरम पाण्यात भिजवून फुगवतात, पण सीडबॉलसाठी तो उपाय चालत नाही, कारण फुगलेले बी गोळा वाळताना पुन्हा सुकते आणि मरते. त्याऐवजी ते पॉलिश पेपरवर कोरडेच घासून मग गोळ्यात घालावे. काही बिया न घासता ठेवण्यातही अर्थ आहे, कारण त्या जमिनीत टिकून राहतात आणि पुढच्या एखाद्या पावसाळ्यात उगवू शकतात. प्रश्न एवढाच आहे की उत्पादकाने हा विचार करून तसे केले की केवळ शेंगा फोडून बी मातीत घातले, हे माहितीपत्रकावरून कळत नाही.

सीताफळाला ‘देशी’ म्हणणे मात्र चुकीचे आहे. हे झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले आहे. चिंचही मूळची आफ्रिकेची मानली जाते, पण ती आपल्या गावशिवारात इतक्या शतकांपासून आहे की तिच्याविषयी मी हट्ट धरणार नाही. तरी ‘देशी’ या शब्दावर संच विकायचा असेल, तर यादीत सीताफळाच्या जागी हिवर, आपटा किंवा बेहडा असायला हवा होता.

करंज आणि चिंचेसाठी गोळा करण्याची गरजच काय, हाही प्रश्न आहे. एवढे मोठे बी ओल्या जमिनीत कुदळीच्या टोकाने लहान खड्डा करून टोकले, तर ते गोळ्याशिवायही चांगले रुजते. मातीच्या आवरणाचा खरा उपयोग पक्षी, मुंग्या आणि उंदीर ज्यावर ताव मारतात अशा लहान व मध्यम बियांसाठी आहे. ही पद्धत जगभर पोहोचवणारे जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका भाताचे बीदेखील पाखरांपासून वाचवण्यासाठी मातीत गुंडाळत असत. त्यांच्या शिकोकू बेटावर पाऊस वर्षभर विभागून पडतो, तर आपल्याकडे बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि त्यानंतर रोपाला जवळपास आठ महिने कोरड्यात काढावे लागतात. त्यामुळे बी उगवले एवढ्याने भागत नाही, दसऱ्यापर्यंत त्याचे सोटमूळ किती खोल गेले हे महत्त्वाचे ठरते.

माहितीपत्रकातली ‘फिरायला जाल तिथे कुठेही फेका’ ही सूचना उत्पादकाने ताबडतोब काढून टाकावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारासारख्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या पठारांवर) किंवा सोलापूर, बारामतीकडच्या गवताळ माळरानांवर झाडे कमी असतात ती त्या जमिनीची मूळची प्रकृती म्हणून. माळढोक, चिंकारा आणि लांडगा यांना मोकळे गवतच हवे असते. तिथे टाकलेले बाभळीचे बी देशी असूनही उपद्रवच करील. वनखात्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय काहीही पेरू नये. सीडबॉलची जागा म्हणजे झाडोरा तुटून गेलेले उतार, ओढ्यांचे काठ आणि शेताचे बांध. तिथेही ते दगडाच्या आडोशाला किंवा करवंदाच्या जाळीच्या कडेला ठेवावेत, उघड्यावर भिरकावू नयेत. आमच्या उतारावर खैर सर्वांत आधी उगवला आणि बाभूळ त्यामागोमाग आली. उघड्यावरची बरीच रोपे शेळ्यांनी खाल्ली, आणि उन्हाळ्यापर्यंत जी तग धरून राहिली ती बहुतेक दगडांच्या पायथ्याशी असलेलीच होती.

घरी गोळे वळण्याचे साहित्य मुलांसोबत वापरायला छान आहे. पाच भाग माती आणि एक भाग खत हे दिलेले प्रमाण बरोबर बसते, पण प्रत्येक गोळ्यात ‘चिमूटभर बिया’ घालण्याची सूचना पाळू नये. एका गोळ्यात एक किंवा दोनच बिया घालाव्यात, नाहीतर उगवलेली रोपे ओलाव्यासाठी एकमेकांशीच झगडतात. वळलेले गोळे सावलीतच पूर्ण वाळवावेत.

किमतीचा विचार करता तयार गोळ्यांपेक्षा केवळ साहित्याचा भाग घेणे मला अधिक योग्य वाटते. तो स्वतंत्रपणे मिळत असेल तर माती आणि खत त्यातले वापरावे, आणि बी मात्र हिवाळ्यात पिकलेल्या खैराच्या व आपट्याच्या जवळपासच्याच झाडांवरून स्वतः जमवावे. तयार गोळेच घ्यायचे असतील तर विक्रेत्याला बी गोळा केल्याचा महिना विचारावा, उत्तर मिळाले नाही तर एक गोळा फोडून बी चिरून पाहावे, आणि जूनमध्ये चांगली ओल होऊन पाऊस स्थिरावल्याशिवाय ते बाहेर टाकू नयेत.