घरपोच आयएनआर तपासणी : आमच्या भागातील लॅबची सेवा

वडिलांच्या हृदयात मिट्रल झडपेच्या जागी यांत्रिक झडप असल्याने त्यांना रक्त पातळ ठेवणारी असिनोकुमारॉलची गोळी कायम घ्यावी लागते आणि त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला नेहमीच्या तुलनेत किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) २.५ ते ३.५ च्या दरम्यान आहे की नाही, यावर तिची मात्रा ठरते. लॅबचा तंत्रज्ञ वेळेवर येतो आणि निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरल्याशिवाय सुई काढत नाही, कारण रक्त आणि नळीत आधीच असलेले सायट्रेट (रक्त गोठू न देणारे द्रव्य) यांचे प्रमाण बिघडले तर आकडाच चुकतो. अहवाल त्याच दिवशी संध्याकाळी मिळत असल्याने डॉक्टरांना रात्रीच्या गोळीपूर्वी मात्रा बदलता येते. माझ्या मते या सेवेचे खरे मोल तेवढ्यातच आहे.

खर्चाचे गणित मात्र उलटे आहे : गोळ्या स्वस्त, तपासणी महाग, त्यावर घरी येण्याचे वेगळे शुल्क. रक्त पातळ ठेवणाऱ्या रिव्हरॉक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांना ही नियमित तपासणी लागत नाही, पण यांत्रिक झडप असलेल्यांना त्या चालत नाहीत. लॅबची सवलत ‘फुल बॉडी चेकअप’ला आहे, नेमाने येणाऱ्या रुग्णांना नाही, हे अनाकलनीय आहे. अहवालावर मागील आकडेही छापलेले नसतात, त्यामुळे ते आम्हीच वहीत उतरवून डॉक्टरांना दाखवतो.